गाळलेली शिवी

"लागला का नाही बे अजून?" बूथचं दार ढकलून गणपत मास्तर ओरडले. बोर्डावर मी बसलो आहे हे दिसताच त्यांचा आवाज खाली आला. "माफ करजा साहेब. मले वाटलं थो दुसरा आपरेटर हाय."

"मुंबई एंगेज आहे, मास्तर. कृपया आत बसा," मी म्हणालो.

सत्तरच्या दशकातली, कारंजाच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली ही दुपार. तेव्हा वाशिम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा आणि वाट बघायची. मी अकोल्याच्या ऑपरेटरला सांगणार, अकोला मुंबईला सांगणार, मुंबईचा ऑपरेटर नंबर फिरवणार. मास्तरांचा कॉल पी.पी. होता. पी.पी. म्हणजे पलीकडे कोणीही उचलून चालत नाही. ज्याचं नाव दिलं आहे तोच माणूस यावा लागतो. नाव दिलं होतं शांतीलालचं.

हे नाव कारंजात कोणाला माहीत नव्हतं असं नाही. गणपत मास्तरांची बिजली पार्टी म्हणजे आमच्या भागातला पहिला विजेवरचा ऑर्केस्ट्रा. मास्तर अकॉर्डियन वाजवायचे आणि वऱ्हाडी गाणी स्वतः बांधायचे. शांतीलाल इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. तो कापडवाल्या जैन कुटुंबातला. दुकानाच्या गादीवर बसवलं की तो मापाच्या मीटरवर बोटं फिरवत बसे, असं लोक सांगत. त्यांची चार गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड निघाली होती. लग्न कोणाच्याही घरचं असो, मांडवात ती वाजली नाही तर पोरं नाचायला उठत नसत. शेलूबाजारहून जीप भरभरून पोरं त्यांचा कार्यक्रम ऐकायला येत.

शेलूबाजारलाच बिनसलं. कार्यक्रम रंगात असताना गिटारचा ॲम्प्लिफायर किंचाळायला लागला. मास्तर माइकवरच म्हणाले, "बंद कर ते कुत्र्याचं रडनं!" लोक हसले. शांतीलालनं गिटारची वायर काढली, गिटार खोळीत घातली, आणि स्टेजवरून उतरून सरळ एस.टी. धरली. मुंबईला मामाची पेढी होती, तिथं जाऊन राहिला. आणि नेमकं त्यानंतर रेकॉर्ड कंपनीनं कळवलं, आता मोठी रेकॉर्ड काढू. दोन्ही बाजू भरून गाणी.

एक्स्चेंजला लागून बंडूभाऊंचं साउंड सर्व्हिसचं दुकान होतं. भोंगे, मशीन, रेकॉर्डी, सगळं भाड्यानं मिळायचं. पार्टीच्या चाहत्यांचा अड्डा तिथंच. मी ड्युटीवर जाता-येता कानावर पडायचं.

"शांत्या नसला तं मोठ्या रेकॉर्डमधी गिटार कोन वाजवन?"

"नागपूरचा मानूस आनला म्हनतेत."

"काही नाही, शांत्या लपून वाजवून जाईन. नाव नाही टाकनार फक्त."

"अबे थो स्वतःची पार्टी काढून राह्यला मुंबईत. माया साल्यानं पाह्यलं."

"तुह्या साल्यानं तं मागं वाघबी पाह्यला होता धनजच्या नाल्यात."

मला पाहिलं की बंडूभाऊ हात जोडायचे. "बी.ए. साहेब, तुमाले तं सारं ठाऊक असन. आमाले एवढंच सांगा, थो येते का नाही?"

"ग्राहकाचं संभाषण गोपनीय असतं," मी म्हणायचो. असं वाक्य तोंडून निघालं की मला बरं वाटे.

का बरं वाटे, तेही सांगतो. माझे वडील कारंजाजवळच्या धनजला शेती करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची वरची इयत्ता पाहिली नव्हती. कारंजाच्या शाळेत मराठीच्या सरांनी मला जवळ केलं. 'मले' म्हटलं की ते बाकावर उभं करत, आणि शाळा सुटल्यावर स्वतःच्या घरी बसवून फुकट शिकवत. त्यांच्यामुळे मी बी.ए. झालो, त्यांच्यामुळे नोकरी लागली. आजही त्यांचे उपकार मानतो. आमचे सुपरवायझर एकदा म्हणाले होते, "तुमचा आवाज ऐकून मुंबईचे ऑपरेटर विचारतात, पुण्याहून बदलून आलेत का?" ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवलं. घरी गेलो की आईशी बोलतानाही मी 'मला-तुला' करायला लागलो होतो. ती म्हणायची, "आता तू सायेब झाला बाप्पा." मला ते कौतुक वाटायचं.

तर त्या दुपारी लाइन लागली. शांतीलाल पेढीवरच होता. मी प्लग जोडला आणि बूथमध्ये हात केला.

"हॅलो! शांत्या! हॅलो!" मास्तर ओरडले. पलीकडून नुसती खरखर. शांतीलालही 'हॅलो हॅलो' करत होता. माझ्या हेडसेटवर दोघांचाही आवाज क्षीण पण कळेल इतका येत होता. त्यांना एकमेकांचं काही पोहोचत नव्हतं. अशा वेळी कॉल तोडत नसत. ऑपरेटर मध्ये बोलत असे. याचं ऐकून त्याला सांगायचं, त्याचं ऐकून याला सांगायचं. कोणाच्या मरणाची बातमी, कोणाच्या सोयरिकीचा होकार, सगळं मी माझ्या तोंडानं सांगितलेलं आहे.

"मास्तर, मला सांगा, मी त्यांना सांगतो."

मास्तरांनी श्वास घेतला. आणि म्हणाले, "त्याले सांगा, अबे हलकटा, तुह्याबिगर सारं गानं लुळं पडलं. मुकाट्यानं गिटार घेऊन ये. नाही आला तं तिथं येऊन टांगडे तोडीन तुहे!"

शेजारच्या बोर्डावरच्या बाई हसल्या. माझे कान गरम झाले. अकोला ऐकत होतं, मुंबई ऐकत होती. ही भाषा मी माझ्या तोंडून लाइनवर घालू? मी घसा साफ केला.

"शांतीलालजी, मास्तर म्हणतात, आपल्या अनुपस्थितीत कार्यक्रमात उणीव भासते. रेकॉर्डिंगला आपण उपस्थित राहावं, अशी त्यांची विनंती आहे."

पलीकडून शांतीलालनं विचारलं,

"विनंती म्हनलं त्यानं?"

"हो."

"अजून काही म्हनलं का?"

"नाही."

"त्याले इचारा, गुस्सा हाय का मायावर?"

मी बूथकडे वळून विचारलं, "ते विचारतात, आपली काही नाराजी आहे का?"

"गुस्सा असता तं ट्रंक कायले लावला असता, गध्या!" मास्तर हसत होते. काचेतून मला दिसत होतं.

"नाही, नाराजी नाही," मी शांतीलालला सांगितलं.

मग तो म्हणाला, "बरं. मंग सांगा त्याले, जमनार नाही. इकडं काम हाय. आभारी हाय म्हना."

मी मास्तरांना म्हणालो, "कामामुळे त्यांना येणं शक्य नाही. त्यांनी आपले आभार मानले आहेत."

मास्तरांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्यात काही उरलं नाही. "आभार? शांत्यानं?" त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि बाहेर आले. दाराला टेकून उभे असलेल्या बंडूभाऊंनी विचारलं, "काय झालं मास्तर?" मास्तर चपला घालून निघून गेले.

मी मात्र खूष होतो. अवघड कॉल नीट पार पाडला होता. सुपरवायझर म्हणाले, "छान हाताळलं. दुसरा असता तर त्यानं त्या शिव्या तशाच ढकलल्या असत्या."

साउंड सर्व्हिसच्या दुकानात त्याच दिवशी निकाल लागला. शांत्या येत नाही, आणि दोष मास्तरचा.

"मास्तरची जीभ! फोनवर आई-माई काढली असन, दुसरं काय?"

"स्टेजवर केलं तेच फोनवर केलं."

कोणीतरी मास्तरांच्या पोस्टरवरच्या तोंडाला शेण फासलं. कार्यक्रमात "शांत्याले आना!" अशा आरोळ्या उठायच्या. मास्तर अकॉर्डियन वाजवत राहायचे. मला वाईट वाटायचं. मास्तरांनी शिव्या दिल्या हे खरं होतं, पण त्या मी शांतीलालपर्यंत पोहोचूच दिल्या नव्हत्या. एकदा मनात आलं, बंडूभाऊंना सांगून टाकावं की फोनवर अपमान झाला नाही, मी सगळं सांभाळून घेतलं. पण गोपनीयता आड आली. मी स्वतःच्या सभ्यतेवर समाधानी राहिलो.

मोठी रेकॉर्ड आली तेव्हा बंडूभाऊंनी दुकानाबाहेर दोन भोंगे लावले. रस्ता भरला होता. मीही ड्युटी संपवून उभा राहिलो. मास्तर आले नव्हते. कंपनीनं मुंबईचाच कोणी गिटारवाला घेतला होता. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. गिटार अगदी स्वच्छ. एक सूर इकडचा तिकडे नाही. कोणी शिट्टी मारली नाही, कोणी शिवीही दिली नाही. बाजू संपली आणि सुई नुसतीच फिरत राहिली.

"वाजवलं तं बरोबर," कोणीतरी म्हणालं.

बंडूभाऊंनी सुई उचलली. "बरोबर हाय. पन शांत्या गिटारमधून शिवी देत होता. हे गिटार रामराम घालते."

लोक हसले, मीही हसलो.

बंडूभाऊंचं ते बोलणं मला कळायला आणखी काही महिने जावे लागले. शांतीलाल बहिणीच्या लग्नासाठी कारंजाला आला होता. मामाला निरोप द्यायला एक्स्चेंजमध्ये कॉल बुक करायला आला. मी फॉर्म घेताना म्हणालो, "आपण बसा, थोडा वेळ लागेल." तो जाता जाता थांबला.

"त्या दिवशी मधात तुमीच बोलले होते ना?"

"हो, मीच."

"मले तवाच समजलं," तो म्हणाला. "मास्तरच्या बाजूले कंपनीचा मानूस बसला होता. त्यानं लिहून देल्लं आन् मास्तरनं वाचलं. विनंती! थो मले विनंती करते? इतकी वर्षं एका ताटात जेवलो, साहेब. त्या मानसानं मले शिवीबिगर कधी हाक नाही मारली. गध्या, हलकट, नाही तं कुत्रा. शेलूबाजारहूनबी मी त्याच्या बोलन्यापायी नाही गेलतो. लोक हासले म्हनून गेलतो. वाटलं, हप्त्याभरात थो शिव्या देत येईन आन् मी जाईन. आली विनंती."

बोर्डावर दिवे लागत होते. मी प्लग लावायचा विसरलो.

"कंपनीचं कोणी नव्हतं," मी म्हणालो. "ते शब्द माझे होते."

"मंग त्याचे कोनते होते?"

मी सांगितले. हलकटा. लुळं पडलं. टांगडे तोडीन. गुस्सा असता तं ट्रंक कायले लावला असता, गध्या. ते शब्द तोंडातून काढताना मला अडखळायला झालं. माझ्याच गावची बोली माझ्या जिभेवर परक्यासारखी वळत होती. शांतीलाल आधी मोठ्यानं हसला. टांगडे तोडीनपाशी तर त्यानं काउंटरवर हात आपटला. मग हसणं थांबलं. त्यानं तोंड दुसरीकडे वळवलं.

"एवढंच जसंच्या तसं सांगाचं होतं ना, साहेब," तो म्हणाला. "तुमी तं धनजचे ना?"

मी हो म्हणालो. आयुष्यात त्या प्रश्नाला हो म्हणताना मला अनेकदा लाज वाटली आहे. त्या दिवसाची लाज वेगळी होती.

दोघं भेटले. बहिणीच्या वरातीत शांतीलालनं गिटार गळ्यात अडकवली आणि मास्तरांनी अकॉर्डियन. बंडूभाऊंच्या भोंग्यांवर ती सगळी नवी गाणी वाजली, आणि मोठ्या रेकॉर्डमध्ये जे नव्हतं ते त्यात होतं. लोक रस्त्यावर नाचले. दुसऱ्या दिवशी बंडूभाऊ ज्याला त्याला विचारत होते, "कोनी टेप केलं का रे?" कोणी केलं नव्हतं. कारंजात टेपरेकॉर्डर होते किती! शांतीलाल मुंबईला परतला. तिथं आता त्याचं बस्तान बसलं होतं. मोठी रेकॉर्ड खपली नाही. कंपनीनं पुन्हा बोलावलं नाही. पार्टी काही वर्षं लग्नांत वाजवत राहिली आणि मग मोडली.

वरातीनंतर थोड्याच दिवसांत मी मास्तरांच्या घरी गेलो. ते ओसरीवर अकॉर्डियनच्या भात्याला ठिगळ लावत बसले होते. शांतीलालनं त्यांना सांगितलंच होतं, तरी मी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. लोकांनी त्यांना दोष दिला तेव्हा मी गप्प होतो, हेही सांगितलं. रस्ताभर मी तयारी करून गेलो होतो की ते आता मला काय काय म्हणतील. खरं म्हणजे मला तेच हवं होतं. हलकट म्हणावं, गध्या म्हणावं, टांगडे तोडायला उठावं.

मास्तरांनी सुई बाजूला ठेवली. उठून माझ्यासाठी खुर्ची झटकली.

"बसा ना साहेब," ते म्हणाले. "तुमी शिकलेले मानसं. तुमच्याकडून चुकून झालं असन. चहा घेता ना?"

तो चहा मी कसा प्यायलो ते माझं मला माहीत.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी बोर्डावर काढली. लाइन खराब असली की मध्ये बोलायचं काम माझ्याकडे यायचं, आणि मी जसंच्या तसं सांगायचो. रडणं आलं तर रडतायत म्हणून सांगायचो. शिवी आली तर शिवी द्यायचो. अकोल्याच्या ऑपरेटरनं दोनदा तक्रार केली, आणि 'लाइनवर अशोभनीय भाषा वापरल्याबद्दल' मला मेमो मिळाला. सुपरवायझरनी विचारलं, "तुमच्यासारख्या पदवीधराला हे शोभतं का?"

"साहेब, ते शब्द ग्राहकाचे होते," मी म्हणालो. "मले त्याइले हात लावाचा अधिकार नाही."

त्यांनी मेमोवर माझी सही घेतली.