पुस्तकातली काळी चेटकीण

मंडळी, आज सकाळी आमच्या खारघरच्या सोसायटीत जुन्या पुस्तकांची देवाणघेवाण होती. शेजारच्या नेहाने एक पुस्तक माझ्यापुढे धरलं. "ताई, बघा ना, तुमच्या लहानपणचं! किती गोड!"

मी मधलंच एक पान उघडलं. तीच चेटकीण. काळीकुट्ट, दात पुढे, केस पिंजारलेले. बाजूला गोरीपान राजकन्या.

ऐंशीच्या दशकात मी वाशीच्या शाळेत तिसरीत होते, तेव्हा हे पुस्तक वर्गात फिरलं. एका मुलीने या चित्रावर बोट ठेवलं आणि ती ओरडली, "ए, ही तर आपली सुनंदा!"

दहावीपर्यंत मला सगळे चेटकीणच म्हणायचे. आई रोज माझं तोंड बेसनाने घासायची. मी तोंड उघडून हसणं सोडलं. लग्नाच्या एकाही फोटोत माझे दात दिसत नाहीत.

नेहाला हे सांगितलं, तर म्हणते, "अहो, चित्रच तर आहे. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

तिच्या गोऱ्या चेहऱ्याकडे बघत मी विचारलं, "तुला वर्गात राजकन्या म्हणायचे ना?" तिने पुस्तक मिटून परत ढिगात ठेवलं.

तुमच्या वर्गातल्या चेटकिणीचं खरं नाव आठवतंय का कोणाला?