पत्र मिळाले

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार कक्षाच्या बाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बावीस वर्षं एकच खुर्ची. गळका नळ, गढूळ पाणी, फुटलेला पाइप, कुणीही काहीही लिहो, बाई प्रत्येकाला उत्तर देत. शिव्या घालणाऱ्यालाही. उत्तराची पहिली ओळ ठरलेली: 'पत्र मिळाले.' मग वहीत हिरव्या पेनाने बरोबरची खूण. कागद गेला, ईमेल आली, तरी वही सुटली नाही.

"बाई, कॉम्प्युटरवर विश्वास नाही वाटतं?" मी चिडवायचो.

"कॉम्प्युटरवर आहे हो, मास्तर. माझ्या डोक्यावर नाही."

मास्तर म्हणजे मी. ईमेलची यंत्रणा सांभाळतो म्हणून पोस्टमास्तर. या नावाचा मला फार तोरा होता.

बाहेरची ईमेल आधी मुख्य इमारतीतल्या दोन सर्व्हरांपैकी मोकळा असेल त्यावर येते आणि तिथून ज्या त्या खात्याच्या सर्व्हरकडे जाते. तक्रार कक्षाचा सर्व्हर मागच्या इमारतीत. गेल्या वर्षी तिथली वायरिंग बदलताना तो दोन दिवस बंद राहणार होता. पत्रं परत जाऊ नयेत म्हणून मी दोन्ही सर्व्हरांवर हाताने एकेक ओळ लिहिली: कक्षाची पत्रं तूर्त माझ्या चाचणीच्या मशीनवर पाठवावीत. हे मशीन माझ्या टेबलाखाली असतं. तिसऱ्या दिवशी जमलेली पत्रं बाईंना दिली आणि ओळ खोडली. एका सर्व्हरवर. दुसऱ्यावरची राहिली.

म्हणजे निम्मी पत्रं बाईंकडे जात होती आणि निम्मी माझ्या पायाशी येऊन पडत होती. सगळीच अडली असती तर दुसऱ्या दिवशी बोंब झाली असती.

महिन्याभरात बाई वही घेऊन आल्या. "मास्तर, लोक फोनवर म्हणतात, पत्र लिहिलं. माझ्या वहीत नाही. कुठेतरी अडतायत."

मी त्यांच्यासमोरच माझ्या घरच्या ईमेलवरून एक पत्र धाडलं: 'चाचणी. मिळाल्यास कळवा.' मग सर्व्हरची नोंद उघडली. ओळीच्या शेवटी लिहिलं होतं: स्वीकारले. कुठल्या मशीनने स्वीकारलं, ते त्याच ओळीत मध्ये लिहिलेलं असतं. मी शेवट वाचला. "यंत्र खोटं बोलत नाही, बाई," असं वर ऐकवलं. उत्तर आलं का, हे नंतर पाहिलंही नाही.

तक्रारींच्या तक्रारी साहेबांपर्यंत गेल्या. बैठकीत मी तीच नोंद खणखणीत आवाजात वाचली. "पत्रं पोहोचतायत, साहेब. वाचली जात नसतील." बाईंनी वही पुढे केली, पण कुणी उघडली नाही. पुढच्या आठवड्यात त्यांची बदली तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा हुकूम वाचणारा चोरच.

आठ महिन्यांनी माझ्या चाचणीच्या मशीनवर सूचना आली: जागा संपली. उघडून पाहिलं तर अकराशे त्रेचाळीस पत्रं. काखेत कळसा म्हणतात. माझा तर पायाखाली होता. थंडीत मी त्या मशीनच्या उबेला पाय ठेवून बसायचो.

खोटं कशाला सांगू? पहिला विचार सगळं पुसून टाकण्याचा आला. उठून दारही लावून घेतलं. पण बोट काही चालेना. मग साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "बोभाटा नको. बाईंना गुपचूप परत बसवू." मी मान डोलावली. तिथे मान डोलावली याची लाज मला चुकीपेक्षा जास्त वाटते.

तळघरात बाई गठ्ठ्यांना लेबलं लावत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. आता चार शब्द ऐकवतील म्हणून मान खाली घालून थांबलो. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे मी विसरत नव्हते?"

मी मान वर केली.

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं, मास्तर. आधी छोट्या गोष्टी, मग आम्हालाही ओळखेना. मला वाटलं, पत्रं मीच उघडते आणि मीच विसरते. डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आले. घरात गॅस बंद केला का, ते मुलीला विचारते. आठ महिने विचारतेय." मग डोळे पुसून म्हणाल्या, "ती पत्रं मला द्या. लोक थांबलेत."

वर येऊन मी साहेबांना न विचारता सगळ्या कार्यालयाला ईमेल केली. चूक कोणाची, ओळ कोणती, बैठकीत कोण काय बोललं, सगळं लिहिलं. साहेब अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

बाई आपल्या खुर्चीवर परतल्या आणि जुन्यातल्या जुन्या पत्रापासून एकेकाला उत्तर देऊ लागल्या. चौथ्या दिवशी माझ्या घरच्या ईमेलवर एक उत्तर आलं. वर माझीच ओळ होती: 'चाचणी. मिळाल्यास कळवा.' खाली त्यांनी लिहिलं होतं: 'पत्र मिळाले. उत्तरास उशीर झाला, क्षमस्व.'