वाल्मिकचा कॅमशाफ्ट आणि चंदाची शपथ

वाल्मिक मूळचा धुळ्याकडचा. सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर होता आणि मशीनसारखाच किरकिरत बोलायचा, "केसभर! केसभर जास्त गेलं की पीस भंगार, समजलं?" कारखान्यात त्याच्या हातून पीस कधी भंगार झाला नाही. घरची गोष्ट वेगळी.

घरी एक म्हातारी मोटरसायकल होती. सिल्वासाहून दुधनीला जायचं म्हणजे वाटेत चढ. दुधनीला त्याच्या बायकोचा, चंदाचा, भाऊ भास्कर राहायचा. चढावर गाडीला धाप लागायची. मग वाल्मिक मान न वळवता म्हणायचा, "उतर जरा." चंदा साडीच्या निऱ्या मुठीत धरून चढ चालायची आणि भास्कर घामेजलेल्या बहिणीकडे बघून विचारायचा, "दाजी, गाडी ताईला आणते का ताई गाडीला?"

गेल्या खेपेला चंदानं शपथच घेतली. "आता एकदा जरी 'उतर' म्हणालात ना, तर तुमच्या गाडीवर पाय ठेवणार नाही. योगेशच्या रिक्षानं जाईन." शेजारच्या योगेशनं हे ऐकलं आणि लगेच रिक्षा पुसायला काढली.

ते पुसणं वाल्मिकला फार लागलं. सुट्टीच्या दिवशी त्यानं इंजिन खोलून कॅमशाफ्ट काढला. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, त्यावर अंड्यासारखे उंचवटे. अंड्याची गोल बाजू घासली की टोक आपसूक उंच ठरतं, व्हॉल्व्ह जास्त उघडतो, इंजिन छाती भरून श्वास घेतं. त्यानं दांडा पोळपाटावर आवळला आणि हातातला ग्राइंडर सुरू केला. घर्रर्र!

"अहो, मी पोळ्या कशावर लाटू?"

"आज भात टाक. ताकद वाढून राहिली."

"आणि तुमचं ते केसभर?"

"ते कारखान्यात. तिथं शेठचं ड्रॉइंग असतं. इथं शेठ मी!" असं म्हणून शेठनं अजून घासलं. मग टोकांना शोभा यावी म्हणून आणखी थोडं.

गाडी जोडली तेव्हा कळलं, रेस दिली की वाघ, रेस सोडली की फट्! मेली. परत जिवंत करायला अर्धी गल्ली ढकलावी लागे. वाल्मिक म्हणाला, "चढावर कोण मरायला रेस सोडतं?"

आणि खरंच, दुधनीच्या चढावर गाडी अशी उधळली की चंदानं त्याच्या शर्टाची कॉलर धरली. "अगं बाई! अगं बाई!" पण आवाजात खुशी होती. वाल्मिकची मान ताठ.

भास्करच्या अंगणात पोचल्यावर मात्र मान खाली आली. थांबावं तर गाडी मरणार, मग मेहुण्यासमोर ढकलावी लागणार. त्यानं रेस पिळून ठेवली आणि अंगणाला फेरा मारला. कोंबड्या कुंपणावर.

"दाजी, या की आत!"

"येतो! येतो!" दुसरा फेरा. "चंदा, तू... उ..."

"काय म्हणालात?"

"काही नाही!"

तिनं ओळखलं. साडी सावरून ती ऐटीत बसली. भावजय मालतीनं एका फेऱ्याला पाण्याचा ग्लास दिला, पुढच्याला रिकामा परत घेतला. "वन्सं, चहा कितव्या फेरीला आणू?"

"साखर कमी घाल गं!"

चहा उकळेपर्यंत पेट्रोल संपलं. गाडी तुळशीपाशी एकदा खोकली आणि थांबली. वाल्मिक तोंड घट्ट मिटून हँडल धरून बसला होता.

चंदानं पदर सारखा केला, सावकाश पाय खाली टेकवला आणि भावाला म्हणाली, "बघ रे भास्कर, मला कुणी सांगितलं नाही. मी माझी उतरले." मग नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, "चला, चहा घ्या. जाताना तुम्ही ढकला, मी बसते."