उरलेला जवाब

फुलसावंगीचे काका आले तेव्हा मी मागच्या अंगणात तुरीची डाळ वाळत घालत होते. नवऱ्यानं दारातूनच सांगितलं, "पाहुणे आलेत." त्याचं तोंड बघूनच कळलं कोण असतील ते. उन्हाळा तापला की आमच्या घरी हे काका हमखास यायचे. यंदा त्यांनी येऊ नये, अशी माझी फार इच्छा होती.

काका म्हणजे समोरच्या पार्टीचे मुख्य गायक. बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला आमच्या ढाणकीला शाळेच्या मैदानावर गाण्यांचा महोत्सव भरतो. पुसदपासूनच्या पार्ट्या येतात, आणि शेवटी मुकाबला होतो. एका पार्टीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच जवाब द्यायचा. जिला जवाब सुचत नाही तिनं आपला डफ मंचावर पालथा ठेवायचा. डफ पालथा म्हणजे हार. आमच्या पार्टीचा डफ कधीच पालथा झाला नव्हता, कारण आमच्या पार्टीची मुख्य गायिका माझी नणंद होती.

मी तिला ताई म्हणायची. नवरा टाकून माहेरी आलेली बाई गावात मान खाली घालून राहील अशी कोणाची अपेक्षा असेल, तर ताईनं ती पहिल्याच वर्षी धुळीला मिळवली. आमची पिठाची चक्की आम्ही दोघी चालवायचो. चक्कीच्या घरघरीवर आवाज चढवून गायचो, त्यामुळे आमचे गळे असे तयार झाले की माइकवाला आम्हाला लांब उभं राहायला सांगायचा. पहिली ओळ कायम तिची. मी झीलकरी. म्हणजे ती दम घ्यायला थांबली की ओळीचं शेपूट उचलायचं आणि ती परत येईपर्यंत खाली पडू द्यायचं नाही. दुसरं काम पाण्याचं. तिचा गळा लवकर सुकायचा. लवंग टाकलेल्या पाण्याची बाटली माझ्याकडे असायची. ती माझ्या उजव्या हाताला उभी राहायची आणि न बघताच हात पुढे करायची.

मागच्या वर्षी काकांनी सवाल टाकला तेव्हा दिवस मावळायला आला होता. ताईनं अंगठा ओठाला लावून मला खूण केली. बाटली रिकामी झाली होती. मी मंचावरून उतरून रस्त्याकडेच्या माठाशी गेले. दुपारपासून आभाळ भरून आलेलं होतं, पण वैशाखात ते येतं आणि जातं, कोण लक्ष देतो. मी बाटली भरत असताना वारा आला. दोऱ्या तुटल्याचा आवाज आला आणि मांडवाची ताडपत्री उडून माझ्या अंगावर पडली. आत धूळ, अंधार आणि ताडपत्रीची ती फडफड. बाहेर लोक ओरडत होते, आणि मला बाहेर कुठल्या बाजूनं जायचं तेच कळत नव्हतं. दिव्यांची लोखंडी कमान मंचावर कोसळली होती, हे मला नंतर समजलं. ताडपत्री ओढली गेली तेव्हा माझ्या हातात बाटली होती, भरलेली. ती द्यायलाच मी मंचाकडे गेले. पुसदच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ताई गेलेली होती.

ताई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या प्रत्येक बाईनं मला सांगितलं, पाण्यानं वाचवलं तुले. त्या बिचाऱ्या मायेनंच बोलत होत्या, पण मला त्यांच्या तोंडावर दार लावावंसं वाटायचं. मी वाचले त्याचा आनंद मानायचा की काय करायचं, ते त्या सांगत नव्हत्या.

तेव्हापासून मी मांडवाखाली बसले नव्हते. भाचीच्या लग्नात रस्त्यावर गाडीत बसून जेवले आणि पाय दुखतात म्हणून सांगितलं. चक्कीचा पट्टा सैल झाला की फडफड वाजतो. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा मी गिऱ्हाइकाचे गहू तसेच सोडून घराबाहेर पळाले. चक्की आता नवरा बघतो. गाणं तर सोडाच, विहारात सगळ्यांबरोबर वंदना म्हणतानाही माझे नुसते ओठ हलायचे.

आणि आता काका समोर बसले होते. कमानीखाली सापडलेला त्यांचा उजवा हात अजून कोपरात नीट वळत नव्हता. चहा डाव्या हातानं प्याले.

"बाई, तुमचा जवाब बाकी हाय," ते म्हणाले.

"जिनं द्यायचा थे माणूस गेलं, काका."

"मले मालूम हाय. मी बी तिथीच होतो ना." त्यांनी कप खाली ठेवला. "अर्धा राह्यलेला मुकाबला दुसऱ्या साली तिथूनच सुरू होते. तुमची पार्टी मंचावर चढली नाही तं पंच तुमचा डफ घरून मागवून पालथा ठेवतीन. मी म्हटलं, सोडून द्या. तं म्हणते, एकासाठी नियम मोडला तं उद्या सगळेच मोडतीन."

"म्हणजे मेलेल्या बाईले हरवून राह्यले तुमचे पंच."

"म्हणून तं आलो मी," काका म्हणाले. "मले असं जिंकायचं नाही. सालभर त्या सवालाबिगर दुसरं गाणं नाही आलं माह्या तोंडात. पण तुमी नाही आल्या तरी मी समजून घेईन."

ते गेल्यावर मी डाळीवर राग काढला. इतकी पाखडली की निम्मी अंगणात सांडली. राग पंचांचा होता, काकांचा होता, आणि खरं सांगायचं तर ताईचाही होता. स्वतः निघून गेली आणि मला एकटीला त्या मांडवाखाली बोलावत होती.

नवरा म्हणाला, "जाऊ नोको. डफ पालथा झाला तं झाला. ताकद नाही तुह्यात." त्याचं खरं होतं, म्हणूनच ते मला लागलं. ढोलकी वाजवणारे शेजारचे भाऊजी म्हणाले, तुमी म्हणसान तसं. काकांसारखे तेही माझ्यावर सोपवून मोकळे झाले.

राहिल्या सासूबाई. लेक त्यांची गेली होती, आणि तिचा डफ त्यांच्या खाटेवरच्या खुंटीला टांगलेला होता. रोज सकाळी पदरानं तो पुसायच्या. शेवटी मीच त्यांच्यापाशी जाऊन बसले. त्या लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होत्या.

"आत्या, मी काय करू?"

"तुले काय वाटते?"

"मले भेव लागते."

"मले बी लागते." त्यांनी कोय बाजूला टाकली. "तिच्या डफाले कोणी हात लावून पालथा करन, थे मले सोसणार नाही. अन् तुले त्या मांडवाखाली पाठवनं, थे बी सोसणार नाही. मी काय सांगू, माय?"

मी ठरवून टाकलं. जायचं नाही. काकांना फोन करून तसं कळवायचं. दोन वेळा फोन हातात घेतला आणि तसाच ठेवून भाज्या चिरायला बसले.

मग एका दुपारी ज्वारी काढायला कोठीत हात घातला तर बोटांना काहीतरी कडक लागलं. ज्वारी बाजूला सारली. आत फडक्यात गुंडाळलेला डफ होता. बाहेर येऊन पाहिलं, खुंटी रिकामी. सासूबाई खाटेवर माझ्याकडे पाठ करून पडल्या होत्या, पण जाग्या होत्या.

"आत्या, हा कोठीत कायले ठेवला?"

त्या भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "डफच नसन तं पालथा काय करतीन?"

सत्तरी ओलांडलेली बाई. गुडघ्यांनी धड उठता येत नाही. घरात कोणी नसताना हातानं ज्वारी उकरून तिनं लेकीची हार लपवली होती. मला हसू आलं, आणि हसता हसता मी तिथंच कोठीला टेकून रडले. ताई गेल्यापासून अशी मोकळी रडले नव्हते. नंतर डफ झटकला, फटीत अडकलेले दाणे सुईनं काढले आणि खुंटीला लावला. भाऊजींना निरोप पाठवला, ढोलकी कसून ठेवा.

जवाब जुळवायला बसले तर एक ओळ धड होईना. काकांचा सवाल होता तो असा: ज्या माउलीनं घरात दिवा लावला, ती उजेड पडायच्या आधीच निघून गेली, तर तिला काय मिळालं? असे सवाल आमच्या मुकाबल्यात नेहमीचेच. ताईनं एका दमात जवाब बांधला असता. मी चार दिवस घासून कशाबशा ओळी जमवल्या आणि चक्कीच्या खोलीत उभं राहून पाठ केल्या. चक्की चालू ठेवून. पट्टा वाजला की डोळे मिटायची, पण पळाले नाही.

मुकाबल्याच्या दिवशी मैदानावर पुन्हा मांडव होता, नवी ताडपत्री, नवीन दोऱ्या. मंचाच्या पायऱ्या मी वर न बघता चढले. भाऊजींनी डफ माझ्या हातात दिला. काकांनी मागच्या वर्षीचाच सवाल, त्याच चालीत, पण फार हळू म्हटला. नेहमीसारखा हात नाही वर केला त्यांनी. करताच येत नव्हता.

सवाल संपला. ढोलकी सुरू झाली. माझी पाळी. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि डोक्यावर ताडपत्री हलली. पाठ केलेलं सगळं गेलं, एक शब्द राहिला नाही. लोक बघत होते. पंच बघत होते. भाऊजी तोच ठेका पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. त्यात ताईच्या ओळीची जागा आली आणि रिकामीच निघून गेली. मग ती दम घ्यायची ती जागा आली, आणि तिथं माझ्या तोंडून झील निघाली. ठरवून नाही. इतक्या वर्षांची सवय.

"आम्ही मागं हाव गं बाई, आम्ही मागं हाव."

आमच्या पार्टीची प्रत्येक गाण्यातली झील हीच होती. पुन्हा ताईच्या ओळीची जागा आली, ती मी तशीच जाऊ दिली. पुन्हा झील. तिसऱ्यांदा खाली बसलेल्या बाया माझ्याबरोबर म्हणायला लागल्या. माझा आवाज फाटत होता तरी मी म्हणत राहिले, कारण झील खाली पडू द्यायची नसते.

काका उठले. डाव्या हातानं आपला डफ घेतला आणि मंचाच्या मधोमध पालथा ठेवला. पंचांकडे त्यांनी बघितलंही नाही. "माउलीले हे मागचे भेटले. जवाब भेटला," एवढंच म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पायाशी ठेवलेली बाटली उचलली, झाकण काढलं आणि उजवीकडे धरली.

किती वेळ धरली होती, सांगता येणार नाही. भाऊजींनी हलकेच माझं मनगट खाली केलं तेव्हा लक्षात आलं. त्या सकाळी पाण्यात लवंगही मीच टाकली होती. बाटली भरलेलीच घरी आणली. सासूबाई दारात बसल्या होत्या. त्यांनी आधी डफाकडे बघितलं, मग बाटलीकडे. डफ मांडीवर घेऊन त्यांनी पदरानं पुसला. बाटलीतलं पाणी दोघींनाही ओतवेना.