पाणबुड्याला दहापैकी चार

पहिला घास गिळून झाला की आक्का मान थोडी वाकडी करून थांबायच्या. पंगतीतले सगळे तेव्हा हात आखडून बसत. मग आक्का म्हणायच्या, "साडेसहा," आणि जेवण पुढे सुरू व्हायचं. लग्न होऊन मी शिवाजी पेठेत आले तेव्हापासून आक्का ह्या घरातून गेल्या तोपर्यंत माझ्या रश्श्याला साडेसातच्या वर मार्क पडले नाहीत. मीठ बेतात असलं तर रंग कमी, आणि रंग आला तर कांदा नीट भाजलेला नाही. आमचे हेसुद्धा घास घेतल्यावर माझ्याकडे न बघता आपल्या थोरल्या बहिणीकडे बघायचे. मी भाकरी थापत पाठ करून बसलेली असले, तरी ते कुठे बघत आहेत हे मला कळायचं.

पेठेत त्यांना दहापैकी आक्का म्हणत. वीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून त्या भावाकडे राहायच्या. शाळा सुटली, पण मार्क द्यायचं सुटलं नाही. गणपतीच्या मूर्तीला मार्क, मेथीच्या जुडीला मार्क, देवळातल्या कीर्तनाला मार्क. तालमीची पोरं फुटबॉलची मॅच जिंकून आली की आधी आमच्या दारात येत. "आक्का, गोल कसा हुता?" आक्का म्हणत, "सहा. गोलकीपर घसरला नसता तर चार." पोरं ओरडत, भांडत आणि हसत घरी जात. त्यांना राग आला असता तर ती दुसऱ्या दिवशी परत आली नसती.

एक गोष्ट त्या अभिमानाने सांगत. "शेवटचं पान वाचल्याबिगर मी कधी कुणाला मार्क दिले न्हाईत. पोरगा पहिल्या पानावर चुकतो आणि शेवटच्या पानावर सुधारतो. मधनंच पेपर खाली ठेवणारा मास्तर तो मास्तर नव्हे." हे मी शंभर वेळा ऐकलं असेल.

मी राधानगरीकडची. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी आक्कांनी मला विचारलं होतं, "शिक्षण किती?" मी म्हटलं, "चौथी." "चौथीला किती मार्क पडले?" मला सांगता आलं नाही. निकालाच्या आधीच माझी शाळा बंद झाली होती. आक्का नुसतं "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"मध्ये काही वाईट नव्हतं हे आज कळतं. तेव्हा मात्र ते मला फार दिवस टोचत राहिलं.

पुढे पुष्कळ वर्षांनी, आमच्या ह्यांनी पुढच्या खोलीतलं सायकल दुरुस्तीचं दुकान बंद करून तिथे व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं. दोन टीव्ही, त्यांना जोडलेले दोन डबे आणि हातात धरायच्या कांड्या. डब्यात कॅसेट घातली की गेम सुरू. पेठेला ते नवीन होतं. कॉलेजची पोरं, तालमीतली पोरं, बँकेतले कारकूनसुद्धा अर्धा अर्धा तास खेळायला येत. मुंबईचा एक व्यापारी दर महिन्याला पाच-सहा कॅसेटी पाठवायचा. आठ दिवस ठेवून बघायच्या, त्यातल्या दोन घ्यायच्या आणि बाकीच्या परत पाठवायच्या. कुठल्या दोन घ्यायच्या, हे ठरवायला ह्यांनी आक्कांना बसवलं.

दुपारी दुकान बंद असलं की आक्का चष्मा लावून, पदर खोचून, पाठ ताठ ठेवून टीव्हीसमोर बसत. एकेक कॅसेट तासभर खेळत. मग शाळेची जुनी पाटी घेऊन त्यावर खडूने गेमचं नाव, मार्क आणि खाली एक ओळ लिहीत. पाटी दुकानाच्या दाराला लटकायची. इंग्रजी नावं पेठेत कुणाच्या तोंडी बसत नसत, म्हणून आक्काच नावं ठेवत. "मोटारीचा – पाच. रस्ता सरळ आणि झाडं तीच तीच. कळंब्याला सायकलवर गेलेलं बरं." "तोफांचा – तीन. आवाजाने डोकं उठतं, नेम कुणाचाच लागत नाही." "माकडाचा – आठ. माकड पडलं की स्वतःच हसतं, त्यामुळे आपल्याला लाज वाटत नाही."

मार्क देण्याची त्यांची रीत ठरलेली होती. चित्राला दोन, आवाजाला दोन, चालीला तीन, आणि उरलेले तीन गेम हरणाऱ्याला कसा वागवतो ह्याचे. ही शेवटची गोष्ट दुसऱ्या कुणाला सुचली नसती. एखादा गेम हरल्यावर भोंगा वाजवून हिणवत असेल तर आक्का त्याचे तिन्ही मार्क कापत. "हरतात तर सगळीच," त्या म्हणत. "हरलेल्याला परत बसावंसं वाटलं पायजे. शाळेचंबी तसंच आसतं."

पोरं दारात उभी राहून पाटी मोठ्याने वाचत. दुसऱ्या गल्लीतली माणसं मुद्दाम पाटी वाचायला येत आणि न खेळता परत जात. "आक्का, तोफांच्याला तीनच? अन्याय हाय की वो." "मग तू काढ पेपर, मी बसते." चहा घेऊन मी आतल्या दारात उभी असायची. कप ठेवायचे आणि आत जायचं. माणसं एका बाईच्या एका ओळीवर इतकं बोलतात, हे बघून मला हेवा वाटायचा. मी ते कुणाला सांगितलं नाही.

कुणाला माहीत नव्हती अशी अजून एक गोष्ट होती. सकाळी दुकान झाडायला मी सहा वाजता उठायची. झाडून झालं की आवाज बंद करून मी खेळायची. आधी भीत भीत, पाच मिनिटं. मग अर्धा तास. बोटांना वळण लागत गेलं. वर्षभरात अशी वेळ आली की पोरं ज्या स्टेजला अडकायची ती मी रोज सकाळी ओलांडून जायची. आणि आक्का? आक्का तिसऱ्या स्टेजच्या पुढे कधीच जात नव्हत्या. एकाही गेममध्ये नाही. त्यांच्या उजव्या अंगठ्यात वात होता. रात्री तेल मीच चोळून द्यायची. तासभर कांडी धरली की तो अंगठा वाकायचा नाही. त्या कुणाला बोलत नव्हत्या, पण मला ठाऊक होतं.

एका महिन्यात पाणबुड्याची कॅसेट आली. एक माणूस पाण्यात खाली खाली जातो. पहिल्या तीन स्टेजमध्ये अंधार, चार मासे आणि संपत येणारी हवा, एवढंच. आक्कांनी लिहिलं, "पाणबुड्याचा – चार. नुसतं खाली जायचं. बघायला काही नाही." सोमवारी कॅसेट परत जाणार होती.

मी मात्र चौथी स्टेज पाहिली होती. पाण्याच्या तळाशी एक गाव आहे. घरांच्या खिडक्या म्हणजे पिवळे चौकोन. हवा संपायला आली की खिडकीपाशी जाऊन थांबायचं. आतून कुणीतरी खिडकी उघडतं आणि आपल्याला थोडी हवा मिळते. मग पुढची खिडकी. कुणाला मारायचं नाही, काही नाही. सकाळी सहा वाजता आवाज बंद करून मी ते गाव बघत बसायची. दुसऱ्या कुठल्याही गेमचं मला इतकं वाटलं नव्हतं. तो परत जाऊ नये एवढंच मला पाहिजे होतं. तसं साधं सांगितलं असतं तर झालं असतं. आक्का ऐकणाऱ्या होत्या.

पण मी रविवारी संध्याकाळी सांगितलं. दुकान भरलेलं होतं. तालमीतला एक उंच पोरगा म्हणत होता, "आक्का, पाणबुड्या परत नगा धाडू. जरा वेगळा हाय." आक्का म्हणाल्या, "वेगळा हाय, पण त्यात काय न्हाय. मी तासभर बसले की." मी चहाचे कप ठेवत होते. मान वर न करता मी म्हटलं, "चौथ्या स्टेजला गाव आहे. आक्का चौथीपर्यंत कधी गेल्याच नाहीत. कुठल्याच गेममध्ये."

माझा आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. मग कोपऱ्यातून एकजण म्हणाला, "म्हंजे पेपर न वाचताच मार्क काय वो आक्का?" आणि सगळे हसले. वाईट हेतूने नाही, रोजच्यासारखेच हसले. आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला. तेवढंच केलं. "व्हय," त्या म्हणाल्या, "तिसरीच्या म्होरं न्हाय गेले." आणि उठून आत गेल्या.

खोटं बोलायचं नाही म्हणून लिहिते. मला त्या क्षणी बरं वाटलं. भाकरी करताना पहिल्यांदा माझी पाठ हलकी वाटत होती. ते दोन दिवस टिकलं.

आक्कांनी पाटीला हात लावायचं सोडलं. जेवतानाही मार्क बंद झाले. पहिला घास घेऊन त्या सरळ दुसरा घेत. ह्यांना काय करावं सुचेना. ते पाटी माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुला खेळता येतं म्हणतात पोरं. मग तूच लिही." पाणबुड्याची कॅसेट त्यांनी व्यापाऱ्याला सांगून अजून महिनाभर ठेवून घेतली. गिऱ्हाइकं मिळाली तर विकत घ्यायची, नाहीतर परत. मला जे पाहिजे होतं ते सगळं असं आपोआप माझ्या हातात आलं.

मी लिहिलं, "पाणबुड्याचा – नऊ." खाली ओळ लिहायला बसले तर खडू पुढे जाईना. गाव डोळ्यांपुढे होतं, खिडक्या होत्या, पण शब्द येत नव्हते. शेवटी लिहिलं, "चांगला आहे." पोरांनी विचारलं, "वैनी, नऊ कशापायी?" मी म्हटलं, "खेळून बघा." ती खेळली. पहिल्या स्टेजला कंटाळली आणि माकडाकडे गेली. पुढच्या कॅसेटींना मी सात, सहा, सात लिहिलं. सगळ्यांच्या खाली "बरा आहे." दोन आठवड्यांत दारात थांबून पाटी वाचणारं कुणी उरलं नाही. माझे मार्क बरोबर होते. आक्कांच्यापेक्षा बरोबर होते. पण माझ्या मार्कांवर कुणी भांडत नव्हतं.

महिना संपत आला तेव्हा आक्कांनी कळंब्याला धाकट्या भावाकडे राहायला जायचं ठरवलं. "तिकडं तळ्याची हवा हाय," त्या म्हणाल्या. ह्यांनी पुष्कळ सांगून बघितलं. मी काही बोलले नाही, आणि मी बोलत नाही हे आक्कांना दिसत होतं.

निघायच्या आदल्या दुपारी मी दुकानात फडकं मारत होते. आक्का चष्मा घेऊन आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "शालन, तुझं ते गाव दाखव."

मी कॅसेट घातली. दुसऱ्या स्टेजला मेले, परत सुरू केलं. तिसरी गेली. मग अंधारातून पिवळे चौकोन वर आले. हवा संपत होती. मी पहिल्या खिडकीशी थांबले. ती उघडली. मग दुसरी. आक्का पुढे वाकल्या होत्या. पाचव्या खिडकीला मी चुकले आणि माणूस बुडाला. भोंगा नाही, काही नाही. गावातल्या सगळ्या खिडक्या एकदम उजळल्या आणि हळूहळू विझल्या.

"हे तू किती दिवस बघतीयास?" आक्कांनी विचारलं.

"सव्वा महिना."

"आणि बोलली न्हाईस."

"मला कोण विचारतंय."

"व्हय," त्या म्हणाल्या. "न्हाय विचारलं." मग माझ्या खांद्यावरचं फडकं घेऊन त्यांनी स्वतःच पाटी पुसली. खडू उचलायला गेल्या आणि अंगठा वाकेना, म्हणून त्यांनी खडू माझ्यापुढे केला. "किती द्यायचं?"

"नऊ."

"एक कशाचा कापलास?"

"पहिल्या तीन स्टेज कंटाळवाण्या आहेत."

"बरोबर हाय. लिही नऊ." मी लिहिलं. मग त्या टीव्हीकडे बघत राहिल्या आणि सांगू लागल्या. मी लिहीत गेले. "पहिल्या तीन सोसा. चौथ्यात बुडणाऱ्याला लोक खिडकी उघडतात."

सव्वा महिना मी ते रोज बघत होते. त्यांनी दहा मिनिटं बघितलं. मी लिहिलेली ती ओळ वाचली आणि मला त्यांचा इतका हेवा वाटला की माफी मागायचं राहूनच गेलं. ते नंतरही राहिलं. कळंब्याला मी दोनदा गेले, चहा घेतला, अंगठ्याला तेल लावून दिलं आणि परत आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांना स्मशानात न्यायची तयारी चालली होती.

त्या कॅसेटचं म्हणाल तर ती राहिली. दुसऱ्या दिवशी आक्का रिक्षातून गेल्या आणि संध्याकाळी दारात चार पोरं थांबली. तो उंच पोरगा मोठ्याने पाटी वाचत होता. मग आत येऊन त्याने पाणबुड्याचा मागितला आणि बाकीचे त्याच्यामागे उभे राहिले. चौथ्या स्टेजला गाव वर आलं तेव्हा मागचे तिघेही पुढे वाकले.

"आक्कांनी लिवलेलं दिसतंय," मागचा एकजण म्हणाला. "जाता जाता लिवून गेल्या."

मी चहाचे कप ठेवत होते. "ओळ त्यांची आहे," मी म्हटलं. "नऊ मार्क माझे."