गावचा समुद्र नापास करणाऱ्या शैलजाताई

दिल्लीला समुद्र नाही, तरी आमच्या प्रयोगशाळेत देशभरच्या किनाऱ्यांचे पाणी बर्फाच्या पेट्यांतून येते. मुनिरक्याच्या भाड्याच्या खोलीतून मी नोकरीच्या पहिल्या दिवशी तिथे पोहोचले आणि एक बाटली उजेडात धरून म्हणाले, "मॅडम, हे तर बिल्कुल साफ आहे."

शैलजाताई पाटणे यांनी चष्म्यावरून पाहिले. "डोळ्यांनीच पाणी पास करायचं, तर सरकार आपल्याला पगार कशाला देतं?"

आज या अंकातून ज्यांची साठी आपण साजरी करत आहोत, त्यांची माझी ओळख ही अशी झाली. त्या बाटलीत सांडपाण्याचे जंतू निघाले आणि मी हादरले.

पुढे मी तापाने फणफणले, तेव्हा ताई सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून रिक्षाने मऊ भात आणि मेतकूट घेऊन आल्या. पाणी न उकळता पिते म्हणून मला खडसावले आणि पातेलेभर पाणी उकळूनही ठेवले.

पण खरा धक्का पुढेच होता. ताईंच्या माहेरच्या किनाऱ्याचे पाणी तपासणीला आले आणि नापास झाले. त्यांनी किनाऱ्यावरून ठिकठिकाणचे नमुने मागवले. सगळ्यात घाण पाणी एका लॉजसमोरचे निघाले. तो लॉज त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा, दिनकररावांचा. संडासाचा पाइप सरळ समुद्राला मिळणाऱ्या ओढ्यात सोडलेला.

"मॅडम, सही दुसऱ्या कुणाला करू द्या ना," मी म्हटले.

"त्याने आकडा बदलेल?" असे विचारून त्यांनी सही केली. ऐन हंगामात किनाऱ्यावर 'पाण्यात उतरू नये' असा फलक लागला.

त्या भाऊबीजेला दिनकरराव दिल्लीला आले. मीही जेवायला होते. ओवाळून झाले, पण त्यांनी खिशात हात घातला नाही. "ताई, यंदा तूच मला ओवाळणी घाल. तो रिपोर्ट मागे घे."

ताईंनी ताट खाली ठेवले. "दिनू, त्या पाण्यात पोरं उतरतात. ओवाळणी तूच घाल. पाइप बंद कर."

दिनकरराव न जेवता पाटावरून उठले. मी सुन्न झाले. सणाच्या दिवशी भावाशी कुणी असे बोलते, यावर माझा विश्वास बसेना. ताईंनी त्यांच्या वाटचे श्रीखंड झाकून ठेवले.

पुढे पाइप बंद झाला, पाणी पास झाले, फलकही उतरला. दिनकरराव मात्र पुन्हा आले नाहीत. ज्यांना भाऊ नाही, त्या बायका चंद्राला ओवाळतात. मागच्या भाऊबीजेला संध्याकाळी मी गेले, तर ताई निरांजन घेऊन गॅलरीत उभ्या होत्या आणि धुरकट आभाळात चंद्र शोधत होत्या. मी हबकलेच.

"दिसत नाहीये गं," त्या म्हणाल्या.

शैलजाताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. हा अंक गावी पाठवायला मी संपादकांना सांगितले आहे. दिनकरराव, तुमच्या दारचे पाणी पास झाले, त्या कागदावरही ताईंचीच सही आहे. यंदा भाऊबीजेला या.