गुरम्माबाईंच्या टायपिंग क्लासातली कीड

गेल्या दिवाळीनंतर लातूरजवळच्या मुरुडात बातमी पसरली, की खताच्या दुकानावरच्या माडीत टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या गुरम्मा मेनकुदळे बाई कॉम्प्युटरवर नोटा छापून राहिल्यात. कुणी म्हणे नोटा न्हाईत, नाणी हायेत. कुणी म्हणे ती नाणी डोळ्यांना दिसत न्हाईत, पण दुबईत चालतात. पुरावा काय, तर क्लासाला कुलूप असलं तरी वरून घूंऽऽ असा आवाज येतो आणि जिन्याखालचं मीटर भिंगरीसारखं फिरतं. केस कापायच्या दुकानात एकानं तर बाईंच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी मोठी झाल्याचंही बघितलं होतं. ती डबी बाईंच्या सासूची, चाळीस वर्षांपूर्वीची. पण कात्री चालू असताना एवढी चौकशी कोण करतो?

आता खरं काय ते ऐका. नाणी तयार होत होती, हे खरं. बाईंच्याच अठरा कॉम्प्युटरवर होत होती, हेही खरं. बाईंना मात्र त्यातलं एकही मिळत नव्हतं. ही न दिसणारी नाणी मिळवायची तर कॉम्प्युटरला रात्रंदिवस अवघड गणितं सोडवायला बसवावं लागतं. वीज लई खाते, यंत्रं झिजतात. म्हणून कुठल्या तरी देशातल्या एका शहाण्यानं स्वतःची यंत्रं न घेता एक कीड सोडली होती. ती दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरात शिरायची, त्यांना घाण्याला जुंपायची आणि नाणी मालकाकडे पोचवायची. बाईंची वीज, बाईंची यंत्रं, नाणी त्याची, आणि बदनामी पुन्हा बाईंचीच.

बाई मूळच्या किल्लारीच्या. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहताना सोळा वर्षांची गुरम्मा मदतीच्या याद्या टाइप करणाऱ्या कारकुनाच्या दारात तासन्‌तास उभी राहायची. तो एकदा हसून म्हणाला, "ए पोरी, हे भाकरी थापायचं काम न्हाई." तीन महिन्यांनी तिची बोटं त्याच्यापेक्षा जोरात पळायला लागली. साहेब तातडीची यादी तिच्याकडेच द्यायला लागले, आणि कागद ओढून काढताना ती दरवेळी त्या कारकुनाकडे बघून म्हणायची, "साहेब, भाकर झाली. वाढू का?" असा हा स्वभाव. बाई राग गिळत न्हाईत आणि लगेच काढतही न्हाईत. बरणीत घालतात, वरून तेल सोडतात आणि मुरू देतात.

लग्न होऊन मुरुडात आल्यावर त्यांनी चार जुन्या मशीनवर क्लास काढला. सरकारनं परीक्षा कॉम्प्युटरवर नेली, तसे कॉम्प्युटर आणले. नऊ वर्षांपासून सरकारी टायपिंग परीक्षेचं केंद्र त्यांच्याच माडीत. हे केंद्र म्हणजे बाईंचं पाटीलपण. परीक्षेच्या आठवड्यात बाई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या, की मुरुडातले मोठमोठे बापलोक खाली चपला काढून वर यायचे.

त्या माडीत दिवाळीनंतर अक्षरं उशिरा उमटायला लागली. पोरीनं कळ दाबली की अक्षर जांभई देऊन, आळस झाडून मग पडद्यावर यायचं. समीक्षा म्हणून क्लासातली सगळ्यांत चलाख पोरगी, मिनिटाला चाळीस शब्द मारणारी, ती सव्वीसवर आली. बाईंनी तिला सगळ्यांपुढं झापलं. "हातात मेंदी हाय का मोबाइल? लक्ष कुठं असतं गं तुझं?" पोरगी रडत जिना उतरली, ती आठ दिवस आली न्हाई.

लातूरहून कॉम्प्युटर दुरुस्तीवाले अमरेश आले. त्यांनी टास्क मॅनेजर उघडला. आत कोण किती काम करून राहिलंय, ते दाखवणारी ही खिडकी. त्यात सगळं शांत.

"बाई, मशीन एकदम ओके हाय."

"तुम्ही बघताना ओके हाय. तुमची पाठ वळली की बोंब."

"असं कसं होईल?"

"अहो अमरेश, तीस वर्षं मी कानानं टायपिंग तपासतीय. पोरीचं कुठलं बोट चुकलं ते खोलीच्या त्या टोकावरून सांगती. ती खिडकी परत उघडा बरं. आता बंद करा. हं, आता हात लावू नका. ऐका."

अमरेशनी ऐकलं. खिडकी उघडी असताना मशीनमधला पंखा कुजबुजत होता. बंद केली, मिनिटभर गेलं, आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा सुटला. मशीनवर कुणी बसलेलंही नव्हतं. अमरेशनी कपाळाला हात लावला. कीड चतुर होती. कुणी बघतंय म्हटलं की अंग चोरून बसायची, आणि मशीन रिकामं दिसलं की कंबर कसून कामाला लागायची.

त्यांनी ते मशीन साफ केलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत तीच गिरणी! पुन्हा साफ केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाईच म्हणाल्या, "ह्या उवा हायेत. एका पोरीचं डोकं धुवून तिला परत बहिणींच्या शेजारी झोपवलं तर काय व्हायचं? सगळ्यांची डोकी एकाच दिवशी धुवा." आणि नेमकं तसंच होतं. अठराही मशीन वायरीनं एकमेकांना जोडलेली. कीड वायरीवरून शेजारच्या दारात जायची आणि कुलूप उघडायला आपल्या झोळीतले पासवर्ड एकेक करून लावून बघायची. जगातले आळशी लोक जे जे पासवर्ड ठेवतात, त्यांची यादीच तिच्याजवळ.

"बाई, पासवर्ड काय ठेवलाय?"

"ए, एस, डी, एफ."

"सगळ्या मशीनला?"

बाई पहिल्यांदाच ओशाळल्या. लातूरपासून नांदेडपर्यंत टायपिंगच्या कुठल्याही क्लासात जा, डाव्या हाताचा पहिला धडा तोच आणि पासवर्डही तोच. पोरी विसरत न्हाईत, म्हणून. किडीनंही पाठ केला होता.

त्या रविवारी सगळ्या वायरी उपसल्या. अठरा मशीन पुसली, राहून गेलेले अपडेट भरले, अठरा वेगळे पासवर्ड ठेवले. अमरेशना कीड शिरल्याची जुन्यात जुनी तारीख सापडली आणि त्यांनी ती बाईंना सांगितली. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि बोट तिथंच थांबलं. त्या दिवशी रेणुकादास सरांचा पेन ड्राइव्ह आला होता.

रेणुकादास सर म्हणजे बसस्टँडसमोरच्या दुसऱ्या टायपिंग क्लासचे मालक. क्लासवाले एकमेकांना सरावाचे उतारे देतात, तसे त्यांनी दिले होते. पेन ड्राइव्हमधले फोल्डर शॉर्टकट झालेले होते. त्यावर टिचकी मारली की उतारेही उघडायचे आणि कीडही आत यायची. सरांना त्याची खबर नव्हती, हे बाईंनाही कळत होतं. तेवढंच असतं तर बाईंनी दोन शिव्या देऊन विषय संपवला असता.

पण नोटा छापायची बातमी सुरू झाली ती सरांच्याच ओसरीवरून. आणि त्याच आठवड्यात परीक्षेच्या कार्यालयात अर्ज गेला, की मेनकुदळे बाईंच्या क्लासातली यंत्रं संशयास्पद कामाला वापरली जातात, सबब परीक्षा केंद्र दुसरीकडे द्यावं. दुसरीकडे म्हणजे कुठं, ते अर्जाखालच्या सहीवरून दिसत होतं. पुढच्या गुरुवारी अधिकारी दोन्ही क्लास तपासून निकाल देणार होते.

शुक्रवारी अर्जाची नक्कल हातात आली, ती बाईंनी तीनदा वाचली. नाणी चोरणारा परदेशातला. त्याला तोंड न्हाई, दार न्हाई, गचांडी धरायला मानगूट न्हाई. रेणुकादास सरांना मात्र ते सगळं होतं. समीक्षाला उगाच रडवल्याचा सल तर होताच. तो कुणावर तरी काढायचाच होता. त्याच दुपारी बाई भाजीची पिशवी घेऊन बसस्टँडकडे गेल्या. सरांचा क्लास जेवणाच्या सुट्टीत बंद होता. बाई खिडकीखाली बसणाऱ्या मेथीवालीपाशी उभ्या राहून मेथी निवडल्यासारखं करत राहिल्या. आतून आवाज आला, घूंऽऽ. मेथीवाली सांगते, बाईंनी त्या दिवशी भाव न करता दोन जुड्या जास्त घेतल्या.

सरांना सांगता आलं असतं. गुरुवारला सहा दिवस होते. बाई रोज त्यांच्या क्लासावरून गेल्या, रोज हसून "शरणार्थ, सर" म्हणाल्या, आणि एक शब्द बोलल्या न्हाईत. मधल्या काळात त्या समीक्षाच्या घरी गेल्या आणि तिच्या आईदेखत म्हणाल्या, "चूक माझी होती. गुरुवारी माझ्यासंगं चल, तुला एक गंमत दाखवते."

गुरुवारी अधिकारी आधी बाईंकडे आले. समीक्षाला बसवलं, पोरीनं मिनिटाला बेचाळीस मारले. अधिकारी खूश. मग सगळे बसस्टँडसमोर गेले. बाई न बोलावता मागोमाग, समीक्षा त्यांच्या मागं. रेणुकादास सरांनी नवे पडदे लावले होते, गुच्छ आणला होता.

"या साहेब. बघा, बावीस मशीन. आमच्याकडं लपवाछपवी काही नाही."

"साहेब," बाई म्हणाल्या, "माझी एवढीच विनंती हाय. पाच मिनिटं कुणी काही हात लावू नका, कुणी बोलू नका."

"हे काय नवीन?" सर म्हणाले. "बाई, तुमची तपासणी झाली. आता आमची होऊ द्या."

"तुमचीच करून राहिले, सर."

अधिकाऱ्यांना गंमत वाटली. ते खुर्चीवर बसले. पाच मिनिटं खोलीत फक्त बावीस पंखे आणि रेणुकादास सरांचा श्वास. आधी एक मशीन घूं करायला लागलं, मग दुसरं, मग ओळच्या ओळ. गुच्छाचा प्लास्टिक कागद थरथरायला लागला. अधिकारी उठले आणि एका मशीनला हात लावून त्यांनी तो झटकन मागं घेतला. तवा झाला होता.

"समीक्षा, खिडकी उघड," बाई म्हणाल्या.

पासवर्ड कुणी सांगितला न्हाई, तिनं विचारलाही न्हाई. डाव्या हाताची चार बोटं टेकवली आणि मशीन उघडलं. टास्क मॅनेजर उघडताच तेवढ्या एका मशीनचा आवाज बसला. बंद केल्यावर परत घूं. तिनं तीनदा उघडलं, तीनदा बंद केलं. तिसऱ्यांदा शिपाईसुद्धा हसला.

"सर," बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "नोटा इथं छापतात व्हय?"

मग बाईंनी अधिकाऱ्यांना पेन ड्राइव्हपासून पासवर्डपर्यंत सगळं समजावून सांगितलं, तारीखही सांगितली. सर म्हणत राहिले, "मला माहीत नव्हतं हो, खरंच माहीत नव्हतं." बाई म्हणाल्या, "मला तरी कुठं माहीत होतं? पण अर्ज माझ्यावर झाला." अधिकाऱ्यांनी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं, की केंद्र मेनकुदळे बाईंकडेच राहील, आणि हा क्लास यंत्रं साफ केल्याचा दाखला देईपर्यंत बंद. सरांनी गुच्छ पुढं केला, तो कुणी घेतला न्हाई.

बाईंनी अमरेशचा नंबर दिला, पण फुकट दिला न्हाई. आधी सरांनी केस कापायच्या दुकानात जाऊन, चार गिऱ्हाइकांदेखत, नोटांची बातमी आपण उठवली आणि ती खोटी आहे, असं मोठ्यानं सांगायचं. बाई बाहेर रस्त्यावर उभ्या होत्या. सरांचा आवाज बारीक आला, तेव्हा दारातून म्हणाल्या, "मागच्याला ऐकू गेलं न्हाई, सर." सरांनी परत सांगितलं.

त्याच संध्याकाळी सरांची बायको राजश्री बाईंच्या दारात आली. डोळे लाल. म्हणाली, "गुरम्माताई, त्यांनी दुपारपासून अन्नाला हात लावला नाही. चुकले ते. पण चार माणसांत एवढं करायचं का? माफ करता आलं नसतं का तुम्हाला?"

बाई पोळपाट बाजूला सारून म्हणाल्या, "माफ केलंय की, राजश्री. माफ केलं म्हणून चार माणसांत केलं. माफ नसतं केलं, तर आठवडी बाजारात भोंगा लावून केलं असतं."